भाकीत स्वस्त, तोडगा महाग



महाराष्ट्रात आज कोणाला किराणा मालाचे दुकान काढायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि वजनकाटा वैधमापन खात्याकडून तपासून, शिक्का मारून घ्यावा लागतो. औषधाचे दुकान असेल तर नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा. ज्योतिष कार्यालय थाटायला यातले काहीच लागत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडीच माणसे कामाला असतील तर नुसते कळवले की पुरते, आणि ज्योतिष कार्यालयात बहुधा एकच माणूस असतो, तोच मालक, तोच कारकून, तोच तज्ज्ञ. माल भरावा लागत नाही, भरलेला माल खराब होत नाही. पूर्वी निदान पत्रिका मांडायचे कष्ट होते. पंचांग उघडायचे, इष्टकाल काढायचा, लग्न साधायचे, महादशेचे भुक्त-भोग्य मांडायचे, आणि आकडेमोड पुन्हा एकदा ताडून पाहायची. आता जन्मतारीख, जन्मवेळ आणि गावाचे नाव मोबाइलमध्ये भरले की पानेच्या पाने पत्रिका फुकट हातात येते. कमी भांडवलात, कमी अटींवर, घरच्या पुढच्या खोलीत सुरू करता येईल असा याहून सोपा धंदा दाखवणे अवघड आहे.

या धंद्याकडे आज धंदा म्हणूनच पाहावे असे मी ठरवले आहे. ज्योतिष हे शास्त्र आहे की नाही, यावर मराठीत कित्येक पिढ्या वाद चालला आहे. त्या वादात दोन्ही बाजूंना एका गोष्टीचा विसर पडला: या व्यवहारात पैसा नेमका कोणत्या क्षणी आणि कशाबद्दल हात बदलतो, हे कोणी फारसे पाहिले नाही. ते पाहिले तर असे दिसते की भाकिताला आता जवळजवळ काही किंमत उरलेली नाही, कमाई सरकली आहे ती तोडग्याकडे. खडा, यंत्र, शांत, कवच, जप. माझे म्हणणे एवढेच आहे की भाकीत सांगणाऱ्याला मोकळे सोडावे, पण जो दोष काढतो त्यानेच त्या दोषावरचा उपाय विकू नये, आणि विकणाऱ्याकडून कमिशनही घेऊ नये. हा एक नियम केला तर बाकीचे बरेचसे प्रश्न आपोआप लहान होतात.

आधी जुन्या व्यवस्थेकडे पाहू. त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली निघाले. त्यात वर्णन केलेल्या खेड्यात जोशी हा वतनदार आहे. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न लावणे हे त्याचे काम, आणि त्याचा हक्क सुगीच्या धान्यातून चालत येतो. त्याची आवक बरीचशी ठरलेली होती. पाटलाच्या मुलाला मंगळ निघाला काय किंवा न निघाला काय, जोशाच्या वाट्याची पेंढी तेवढीच राहायची. शांतीची, ग्रहणाची, बारशाची दक्षिणा वेगळी मिळे, म्हणून मोह तेव्हाही नव्हता असे कोणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी भटजींच्या कमाईवर जे आसूड ओढले ते उगाच नव्हेत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सत्यशोधकांनी ब्राह्मणाला न बोलावता लग्ने लावली तेव्हा जोशांनी कोर्टात धाव घेतली, आणि जुन्नरजवळच्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या सगळ्या भांडणात मुहूर्त खरा ठरतो की खोटा, याची चौकशी नव्हती. भांडण फीचे होते. ज्याने काम केलेच नाही त्याने पैसे मागावेत का, हा प्रश्न होता, आणि मला वाटते तो अतिशय नेमका प्रश्न होता.

वतनदार जोशाच्या बाहेरचा एक मोठा वर्ग दारोदार हिंडणारा. कुडमुडे जोशी, मेढंगी, सरोदे, नंदीबैलवाले, पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा. यांच्यापैकी अनेकांची नोंद आज भटक्या जमातींच्या यादीत आहे. त्यांचे भाकीत पसाभर धान्यात किंवा जुन्या लुगड्यात मिळे, आणि नंदीबैलाने मान हलवून ‘पाऊस पडेल’ म्हटल्यावर कोणी जमीन गहाण टाकली नाही. या माणसांकडे विकायला दुसरे फारसे काही नव्हते. त्यांचा व्यवहार भाकितापाशी सुरू होऊन भाकितापाशीच संपत असे. अलीकडे पोपटवाला ज्योतिषी शहरातून दिसेनासा झाला त्याचे कारणही मजेशीर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. म्हणजे चिठ्ठी काढणाऱ्याला कायद्याने पकडले ते पक्ष्यासाठी, चिठ्ठीला कोणी हात लावला नाही.

भाकीत खरे ठरते का, हे आता थोडक्यात संपवतो, कारण त्यावर चांगले काम आपल्याच गावात होऊन गेले आहे. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने एक साधी चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पाठवल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली एवढेच विचारले. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांची उत्तरे आली. नुसते नाणे उडवले असते तरी चाळीसातली वीस बरोबर आली असती. ज्ञान आहे असे मानायला अठ्ठावीसची अट होती. सर्वांत जास्त गुण मिळाले ते चोवीस, आणि सत्तावीस जणांची सरासरी निम्म्याच्याही खालीच राहिली. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका मागून घेतल्या होत्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हा निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. अमेरिकेत शॉन कार्लसनने पाश्चात्त्य ज्योतिषांची अशीच चाचणी घेतली होती, तो निबंध १९८५ च्या ‘नेचर’मध्ये आहे, आणि तिथेही निकाल अंदाजपंचेपेक्षा वर गेला नाही.

यावरून ज्योतिषी लबाड ठरतात असे मात्र नाही, आणि इथेच बुद्धिवाद्यांचा पाय थोडा घसरतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुझ्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. ‘वरून कणखर दिसता पण आतून हळवे आहात, केल्याचे चीज होत नाही, जवळच्या माणसाकडून एकदा दुखावले गेला आहात’ असे समोरच्याला सांगून पाहा. चाळिशीच्या वरचा कोणीही मान डोलावेल. आता ज्योतिषाच्या बाजूने विचार करा. वीस वर्षे रोज समोर बसलेला माणूस ‘अगदी बरोबर’ म्हणत आला आहे. ज्याला पटले नाही तो पुन्हा आला नाही, म्हणजे चुकीची दाद कानावर पडलीच नाही. अशा माणसाचा स्वतःच्या विद्येवर विश्वास बसला तर त्याला दोष कसा द्यायचा? बहुतेक ज्योतिषी प्रामाणिक आहेत असे मी धरून चालतो. माझ्या युक्तिवादाला त्यांचा प्रामाणिकपणा अडचणीचा नाही. उलट तोच आधाराला आहे, कसा ते पुढे सांगतो.

आता दोषांचा हिशेब करू. त्याला फलज्योतिषावर विश्वास ठेवावा लागत नाही, बाराचा पाढा पुरतो. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. तो आपल्या जन्मराशीच्या आधीच्या राशीत, जन्मराशीत आणि पुढच्या राशीत असतो तेव्हा साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. शिवाय चौथा आणि आठवा शनी धरून छोटी पनोती, तिच्यात आणखी दोन राशी. झाल्या पाच. मंगळाचे पाहा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ असला की पत्रिका मंगळाची, म्हणजे पुन्हा बारापैकी पाच, ढोबळ मानाने शंभरातल्या बेचाळीस पत्रिका. कालसर्प हा योग तर जुन्या ग्रंथांत सापडत नाही असे ज्योतिषांपैकीच अनेक जाणकार सांगतात, पण त्याची शांत करायला त्र्यंबकेश्वराला रीघ लागलेली असते. त्यात पितृदोष, वास्तुदोष, नाडीदोष मिळवा. या सगळ्या चाळण्यांतून निर्दोष सुटणारा माणूस विरळा. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाला विकता येईल असा काहीतरी माल दुकानात आहे, आणि गिऱ्हाइकाला त्याची गरज आहे की नाही हे ठरवणार दुकानदारच. शास्त्राने या दोषांना परिहारही भरपूर सांगून ठेवले आहेत: मंगळ स्वराशीचा असेल तर दोष नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, दोन्ही पत्रिकांत मंगळ असेल तर नाही. म्हणजे दोष आहे म्हणायचे की नाही, हे बऱ्याच वेळा सांगणाऱ्याच्या हातात राहते. ज्याला शांतीतून काही मिळायचे नाही तो परिहार शोधील. ज्याला मिळायचे आहे तो कितीही सज्जन असला तरी परिहाराकडे त्याची नजर थोडी उशिराच जाणार.

तोडग्याकडे पैसा का सरकला, याचे कारण मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या फुकट पत्रिकेत आहे. पत्रिका मांडणे ही कला होती तोवर तिचे मोल मिळे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढून पंचांग भिंतीवर टांगले, तेव्हाच मुहूर्त विचारायला जोशाकडे जाण्याची गरज बरीच कमी झाली. मोबाइलने उरलेले काम केले. जे सगळ्यांना फुकट मिळते त्याची दक्षिणा किती घेणार? मग धंदा टिकवायला दोनच वाटा राहतात. एक, उपाय विकायचा. दुसरी, वेळ विकायचा, म्हणजे मोबाइल ॲपवरून मिनिटाच्या दराने बोलायचे. दुसऱ्या वाटेवर ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ हे वाक्य बोलणाऱ्याला सर्वांत तोट्याचे, कारण ते ऐकून माणूस फोन ठेवतो. पहिल्या वाटेवर खड्याची गंमत अशी, की पुष्कराज किंवा नीलम घालून काम झाले तर श्रेय खड्याचे, न झाले तर खडा पुरेशा रत्तीचा नव्हता. दोन्ही वाटा मिळून समोरच्याची भीती हाच कच्चा माल ठरतो. यासाठी कोणा एका माणसाला वाईट म्हणायची गरज नाही. धंद्याची रचनाच अशी झाली आहे.

कायदा या रचनेकडे कसा पाहतो? जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्यासाठी मारहाण, नरबळी, चमत्काराच्या नावाने फसवणूक असे बारा प्रकार आहेत. पण कायदा कशाला लागू नाही हे सांगणारे कलमही आहे, आणि त्यात वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी, ज्योतिषी, अगदी नंदीबैलवाले ज्योतिषी आणि जमिनीतले पाणी सांगणारे पाणाडे यांचा सल्ला वगळलेला आहे. कायदा होण्यासाठी मोजलेली ती किंमत होती, आणि मला स्वतःला तो सौदा चुकीचा वाटत नाही. नंदीबैलवाल्याच्या मागे पोलीस लावून कोणाचे भले होणार होते? १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा ताईत-मंत्र-कवचाने रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी करतो, पण मुंबई उच्च न्यायालयापुढच्या एका जनहित याचिकेत २०११ मध्ये केंद्र सरकारने भूमिका घेतली की ज्योतिष त्या कायद्यात येत नाही, आणि न्यायालयाने ती याचिका मानली नाही. त्याआधी २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम आणले होते, आणि त्यांना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळले होते. या सगळ्या मालिकेत एकच निकाल वेगळ्या रस्त्याने गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितले की दूरचित्रवाणीवर हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तू अलौकिक शक्तीच्या दाव्याने विकणे हे २०१३ च्या कायद्याखाली बेकायदेशीर आहे, आणि अशा जाहिराती रोखायला मुंबईत कक्ष उभारावा. भाकिताला कायद्याने हात लावला नाही आणि यंत्राच्या विक्रीला लावला. मी जी रेघ मारतो आहे ती न्यायालयाने अशी अर्धी मारूनच ठेवली आहे.

उरलेली अर्धी मारायला नवा शोध लावावा लागत नाही. आपल्याकडे भविष्य सांगून फी घेणारा एक धंदा पूर्ण नियमात बसवलेला आहे, तो म्हणजे गुंतवणूक सल्लागाराचा. कोणता शेअर वर जाईल हे त्यालाही ठाऊक नसते. सेबीच्या २०१३ च्या विनियमांत आणि २०२० च्या दुरुस्तीत त्याच्यावर अट घातली आहे की ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची त्यालाच कमिशनवर म्युच्युअल फंड किंवा विमा विकायचा नाही, आणि हे काम घरच्या माणसाच्या नावाने करूनही चालायचे नाही. हमखास परताव्याचे आश्वासन द्यायचे नाही. सेबी या सल्लागाराचे भाकीत खरे ठरेल अशी ग्वाही देत नाही, ती फक्त सांगणाऱ्याचा हात विकणाऱ्याच्या खिशातून बाहेर काढते. डॉक्टरांच्या बाबतीतही भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला मनाई केली आहे, आणि कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये विधेयकाचा मसुदाही तयार झाला होता. डॉक्टरच्या निदानामागे तर विज्ञान आहे. तिथेही आपण म्हणतो की लिहून देणारा आणि विकणारा एक नको. मग जिथे निदान तपासायची सोयच नाही तिथे हा नियम नको कसा?

यावर पहिला आक्षेप श्रद्धेचा येणार, की हा धर्माचा विषय आहे, सरकारने त्यात पडू नये. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदात धर्माचरणाशी निगडित आर्थिक व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला आहे. दुसरे असे की सरकार या धंद्यात केव्हाच पडले आहे. धार्मिक विधी करण्याच्या सेवेला वस्तू व सेवा कर माफ आहे. ज्योतिषाच्या सल्ल्याला ती माफी नाही, वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की त्यावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे पूजा वेगळी आणि सल्ला वेगळा, हा भेद करखात्याने मान्य केला आणि कोणाची श्रद्धा दुखावली नाही. मी सुचवतो त्या नियमात कोणाची शांत बंद होत नाही. ज्याला करायची त्याने आपल्या उपाध्यायांकडून खुशाल करावी. फक्त शांत करा असे ज्याने सांगितले त्याला तिच्यातला हिस्सा जाऊ नये.

‘आम्ही फी घेत नाही, दक्षिणा घेतो, ती ऐच्छिक असते’ असेही म्हटले जाईल. हा नियम मला ग्राहक संरक्षण कायद्यात बसवायचा आहे, आणि त्यातून विनामूल्य सेवा वगळलेली आहे हे खरे. ज्याच्या कार्यालयात दरफलक नाही, जो पुढे ठेवले ते घेतो, त्याला माझा नियम लागूही करू नये. पण भिंतीवर ‘पत्रिका पाहणे’, ‘गुणमेलन’, ‘प्रश्नकुंडली’ यांचे वेगवेगळे दर लिहिले असतील तर त्याला दक्षिणा म्हणणे हा शब्दाचा खेळ झाला.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र माझ्याच बाजूच्या माणसांचा आहे. विवेकवादी म्हणतील, की नियम घालणे म्हणजे मान्यता देणे. उद्या पाटीवर ‘शासनमान्य’ लिहितील. ही भीती खोटी नाही. २०२१ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाची एम. ए. सुरू केली, म्हणजे पदवी लावायचीही सोय आहे. म्हणूनच मी परवान्याची गोष्ट करीत नाही. परवाना देताना सरकारला परीक्षा घ्यावी लागते, आणि या विषयाची परीक्षा सरकारने घेणे हास्यास्पद होईल. परवाना आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरच्या भेळवाल्याला पाकशास्त्राची पदवी कोणी मागत नाही, पण भेळ खाऊन पोट बिघडले तर जबाबदारी त्याची. सध्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे: सरकारी विद्यापीठाचे प्रमाणपत्र आहे आणि ग्राहकापुढे जबाबदारी काही नाही. मान्यता तर देऊन झालीच आहे, निदान तिच्याबरोबर यायला हवे होते ते ओझे तरी येऊ द्या.

मग फसवणुकीचा गुन्हाच का नको, ग्राहक कायदा कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर इंग्लंडने अनुभवातून दिले आहे. तिथे १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली हेलन डंकन या माध्यम म्हणून काम करणाऱ्या बाईला १९४४ मध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्यावरच्या टीकेनंतर १९५१ मध्ये तो कायदा रद्द होऊन फसव्या माध्यमांविरुद्धचा नवा कायदा आला. पण त्यात समोरच्याचा फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे, आणि ज्याचा स्वतःवर विश्वास आहे त्याचा हेतू सिद्ध होणार कसा? २००८ मध्ये इंग्लंडने तोही कायदा बाजूला ठेवला आणि हा सगळा व्यवहार साध्या ग्राहक-नियमांत आणला. ज्योतिषांचा प्रामाणिकपणा माझ्या बाजूने कसा, ते इथे कळते. कुकर बनवणारा कारखानदार आपला कुकर सुरक्षित आहे असे अगदी मनापासून मानतो. तो फुटला तर त्याच्या मनात काय होते हे ग्राहक आयोग विचारत नाही. फौजदारी कायद्याने गेलो तर दहा लबाडांमागे एखादा सापडेल आणि शंभर प्रामाणिकांना उगाच गुन्हेगार म्हणावे लागेल. ग्राहक कायद्याने गेलो तर कोणालाच गुन्हेगार म्हणायची पाळी येत नाही. न्यूयॉर्क राज्यात पैसे घेऊन भविष्य सांगणे हा आजही कागदोपत्री गुन्हा आहे, केवळ मनोरंजनासाठी असेल तर माफ. तरी त्या शहरात हस्तरेषा पाहणाऱ्यांच्या पाट्या दिसतात. आपल्याकडे वर्तमानपत्रातले राशिभविष्य हे असेच मनोरंजन आहे, चहाबरोबर वाचून सोडून देण्याचे, आणि त्यावर मला काही म्हणायचे नाही.

शेवटचा आक्षेप सहानुभूतीचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. माणूस ज्योतिषाकडे भविष्य कळावे म्हणून थोडाच जातो? मुलाला नोकरी नाही, मुलीचे लग्न ठरत नाही, नवरा पितो, आणि हे कोणाजवळ बोलायची सोय नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. या पोकळीत ज्योतिषी अर्धा तास शांतपणे ऐकून घेतो, हे काम लहान नाही. ‘गुरू बदलला की सहा महिन्यांत फरक पडेल’ या वाक्याने कोणी सहा महिने तग धरला असेल तर मी त्याला हसणार नाही. पण याच कारणाने नियम हवा. दुःखाने वाकून आलेला माणूस घासाघीस करीत नाही, दुसऱ्या दुकानात भाव विचारत नाही, आणि घरी जाऊन बायकोला किंवा मुलाला खरी रक्कमही सांगत नाही. इतक्या हतबल ग्राहकासमोर बसलेल्या माणसाच्या खिशात उपायाचे दरपत्रक नसावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही. उलट धीर देण्याचे काम जे खरोखर करतात त्यांची सुटका होईल, कारण आज त्यांनाही पोट भरायला खड्याचीच वाट धरावी लागते. ऐकून घेण्याची उघड फी त्यांनी घ्यावी, बैठकीची रक्कम आधी सांगावी, मिनिटाचा काटा लावू नये. तीच त्यांची खरी सेवा आहे आणि तिचे दाम मागायला लाज वाटायचे कारण नाही.

हा नियम मोडला जाणार नाही का? जाईल. सराफाकडून पाकीट गुपचूप येईल, यंत्र मेहुण्याच्या दुकानातून विकले जाईल. सेबीचेही नियम मोडले जातात आणि डॉक्टरांचेही. पण आज मोडायला नियमच नाही, म्हणून कमिशन घेणाऱ्याला ते लपवावेही लागत नाही. ज्या दिवशी लपवावे लागेल त्या दिवशी ग्राहकाला निदान विचारता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ‘एकवीस दिवसांत वशीकरण, शंभर टक्के हमी’ असे रेल्वेच्या डब्यात चिकटवणाऱ्याला नवा कायदा लागत नाही, हाच लावून पाहायला हवा.

विधिमंडळाने नियम करीपर्यंत थांबायचेही कारण नाही. या ग्राहक कायद्यातच दिलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे, आणि त्यातून ज्योतिषाला वगळलेले नाही. तेव्हा इथे बसलेल्यांपैकी कोणी येत्या लग्नसराईत पत्रिका दाखवायला जाणार असेल तर जरूर जावे. फक्त उठताना दोन पावत्या मागाव्यात, एक सल्ल्याची आणि दुसरी उपायाची, आणि दुसऱ्या पावतीवर सही कोणाची आहे ते घरी आल्यावर नीट पाहावे.